आतड्यातील अंकुर : भीती किती, काळजी किती?

चेन्नईहून महाबलीपुरमकडे किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रस्ता धरला, की सुमारे ४० किलोमीटरवर कोवलम लागते. केरळातले प्रसिद्ध कोवलम ते हे नव्हे. हे तामिळनाडूतले कोळ्यांचे गाव. वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, उन्हात वाळत घातलेली मासळी आणि अलीकडच्या काळात फळीवर उभे राहून लाटांवर स्वार व्हायला शिकणारी मुले असे इथले दृश्य असते. २०२१ मध्ये या किनाऱ्याला स्वच्छ व सुरक्षित किनाऱ्यांना दिले जाणारे ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. त्याच्या अटींमध्ये पाण्याच्या शुद्धतेबरोबर स्वच्छ स्वच्छतागृहांचाही समावेश आहे.

ही शेवटची गोष्ट बहुतेकांच्या लक्षातही येणार नाही. मात्र काही जण कुठेही गेले, तरी देखावा पाहण्याआधी स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहून ठेवतात. मोठ्या आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचे रुग्ण त्यांपैकी आहेत.

अशीच एक गृहिणी डोळ्यांसमोर आणावी. वय बेचाळीस. नवऱ्याच्या बदलीमुळे साताऱ्याहून चेन्नईला आलेली. नऊ वर्षांपूर्वी शौचावाटे रक्त पडू लागले, तेव्हा घरच्यांनी मूळव्याध म्हणून सोडून दिले. मग आव झाली असेल म्हणून दोन-तीनदा गोळ्यांचा कोर्स झाला. वर्षभराने तपासणी झाली आणि ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ असे निदान झाले. औषधांनी आराम पडला. आता पुन्हा दुर्बिणीतून तपासणी केली, तर अहवालात एक नवाच शब्द आला, ‘स्युडोपॉलिप्स’, आणि तोही अनेकवचनी.

नवऱ्याने अहवाल वाचला आणि तो घडी करून खिशात ठेवला. बायकोला सांगितले, “सगळं ठीक आहे.” रविवारी मुलाला कोवलमच्या किनाऱ्यावर न्यायचे ठरले होते, त्याप्रमाणे सारे गेले. तिथे पैसे काढताना तो कागद वाळूत पडला आणि नेमका तिनेच तो उचलला.

“गाठी आहेत ना आतड्यात? मला का नाही सांगितलंत?” तिने विचारले.

“अगं, तू घाबरशील म्हणून...”

“न सांगितल्यामुळे जास्त घाबरले ना आता!”

अशा प्रसंगी घरात दोनपैकी एक चूक हमखास होते. काही जण ‘पॉलिप’ हा शब्द पाहूनच कर्करोग झाला असे धरून चालतात. काहींना ‘स्युडो म्हणजे खोटे, साधे’ एवढे कळले, की ते निश्चिंत होतात, औषधे थांबवतात आणि पुढची तपासणी टाळतात. पहिल्या चुकीने झोप उडते. दुसरीने जिवावर बेतू शकते. म्हणूनच हे अंकुर नेमके काय असतात, ते नीट समजून घ्यायला हवे.

खरे आणि खोटे

आतड्याच्या आतल्या नाजूक अस्तरातून वर आलेल्या कोणत्याही उंचवट्याला डॉक्टर पॉलिप म्हणतात. आपण त्याला अंकुर म्हणू. हा शब्द फक्त आकार सांगतो, स्वभाव सांगत नाही.

ज्यांना आतड्याचा कोणताही आजार नाही, अशांनाही उतारवयात पॉलिप आढळतात. त्यांतल्या ‘अ‍ॅडिनोमा’ नावाच्या प्रकारात पेशींची वाढ बिघडू लागलेली असते. असा अंकुर साधारणपणे दहा-एक वर्षांच्या काळात हळूहळू कर्करोगाकडे वळू शकतो. सगळेच अ‍ॅडिनोमा वळतात असे नाही. पण कोणता वळेल ते सांगता येत नसल्याने तो काढून टाकतात. पूर्वी त्यासाठी पोट उघडावे लागे. १९६९ मध्ये न्यूयॉर्क येथे विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या डॉक्टरांनी लवचीक दुर्बिणीतून तारेचा फास टाकून असा अंकुर काढला आणि एका मोठ्या शस्त्रक्रियेची गरज संपवली.

स्युडोपॉलिपची गोष्ट निराळी आहे. त्याचा उगम पेशींच्या बिघाडात नसून जखमेत असतो. कोवलमच्या किनाऱ्यावर उधाणानंतर वाळू पाहावी. लाटांनी जागोजागी वाळू खरवडून नेलेली असते आणि मधले न खरवडलेले भाग उंचवट्यांसारखे दिसतात. ते उंचवटे कोणी आणून टाकलेले नसतात, त्यांच्या भोवतीची वाळू गेलेली असते. आतड्यात तीव्र दाह होतो तेव्हा अस्तराला व्रण पडतात आणि व्रणांच्या मध्ये तग धरून राहिलेले अस्तर असेच उंच दिसते. पुढे व्रण भरू लागतात तेव्हा, त्वचेवरच्या जखमेच्या जागी कधी कधी वाढीव मांस येते त्याप्रमाणे, नवे अस्तर थोडे जास्तच वाढते. त्याचेही अंकुर बनतात. म्हणून हल्ली डॉक्टर त्यांना ‘दाहानंतरचे पॉलिप’ असे अधिक नेमके नाव देतात.

हे अंकुर बहुधा लहान आणि संख्येने अनेक असतात. काही बोटासारखे किंवा गांडुळासारखे लांबट दिसतात. दीड सेंटिमीटरपेक्षा मोठे क्वचितच होतात. फार मोठे झाले तर त्यांतून रक्त येणे किंवा आतड्याचा मार्ग अडणे असे त्रास संभवतात. एरवी त्यांना स्वतःचे असे लक्षण नसते. बहुतेकांना ते अहवालात वाचूनच कळतात.

दाह कुठून येतो?

आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात होतो आणि गुदाशयापासून सुरू होऊन वर पसरतो. क्रोन्स या आजारात तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही सूज येऊ शकते आणि ती आतड्याच्या भिंतीत खोलवर जाते. वर सांगितलेले अंकुर दोहोंमध्ये दिसत असले, तरी अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये ते अधिक आढळतात.

अल्सरेटिव्ह कोलायटिसचे वर्णन सॅम्युएल विल्क्स या लंडनच्या डॉक्टरांनी १८५९ मध्ये केले होते. क्रोन्सला ज्यांच्यावरून नाव मिळाले, त्या बरिल क्रोन यांचा न्यूयॉर्कमधील निबंध १९३२ चा. हे आजार पाश्चात्त्यांचे, आपल्याकडे कुठले, असा समज आपल्या देशात बराच काळ होता. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघरी जाऊन ५१,९१० लोकांची पाहणी केली, तेव्हा त्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिसचे २३ रुग्ण सापडले. म्हणजे लाखामागे सुमारे ४४. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीने तो समज खोटा ठरवला.

आपल्याकडे निदानाला उशीर होण्याची कारणेही आपलीच आहेत. रक्त पडले की मूळव्याध, जुलाब झाले की अमीबाची आव, आणि आतड्याला सूज दिसली की क्षयाची शंका. यातली शेवटची शंका अगदी रास्त असते. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स हे आजार दुर्बिणीतून इतके सारखे दिसू शकतात, की अनुभवी डॉक्टरही विचारात पडतात. बऱ्या होत आलेल्या क्षयातही असेच अंकुर दिसू शकतात. तेव्हा अंकुर आढळले म्हणजे अमुकच आजार, असे केवळ त्यावरून ठरत नाही. बायॉप्सी, म्हणजे अस्तराचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, आवश्यक असते.

आजार गंभीर असला, तरी तो आयुष्य थांबवतोच असे नाही. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना किशोरवयापासून अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. प्रकृती ढासळल्याने त्यांनी २००७ मध्ये पद सोडले. नव्या औषधाने आजार ताब्यात आल्यावर २०१२ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि जवळजवळ आठ वर्षे त्या पदावर राहिले. २०२० मध्ये आजार उलटला, तेव्हा त्यांनी पुन्हा पद सोडण्याचा निर्णय जाहीर केला. आटोक्यात असणे आणि कायमचे बरे होणे यांतला फरक या उदाहरणावरून लक्षात यावा.

मग कर्करोगाचा धोका कोणता?

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. दाहानंतरचा अंकुर स्वतः कर्करोगात बदलत नाही, असे आज मानले जाते. परंतु ज्या आतड्यात वर्षानुवर्षे दाह धुमसत राहिला, त्या आतड्यात कर्करोगाचा धोका सर्वसाधारण माणसापेक्षा जास्त असतो. २००१ मध्ये अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये हा धोका दहा वर्षांनी २ टक्के, वीस वर्षांनी ८ टक्के आणि तीस वर्षांनी १८ टक्के होता. औषधे सुधारली, तपासणी नियमित होऊ लागली, तसे नंतरच्या अभ्यासांत हे आकडे बरेच खाली आले. दाह फक्त गुदाशयापुरता मर्यादित असेल, तर हा वाढीव धोका जवळजवळ नसतोच.

अंकुर आणि कर्करोग यांचा संबंध काय, यावर तज्ज्ञांमध्येही मतभेद झाले. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील २००४ च्या अभ्यासात, असे अंकुर असलेल्यांना पुढे कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था आढळण्याची शक्यता सुमारे दुप्पट दिसली. त्यामुळे अंकुर हे धोक्याचे चिन्ह मानून तपासण्या वाढवल्या जाऊ लागल्या. २०१९ मध्ये अमेरिका आणि नेदरलँड्समधील दीड हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत मात्र असा स्वतंत्र संबंध आढळला नाही. ज्यांना अंकुर होते, त्यांचा दाह मुळात अधिक तीव्र आणि अधिक पसरलेला होता, आणि मोठे आतडे काढण्याची वेळही त्यांच्यावर अधिक वेळा आली.

याचा साधा अर्थ असा, की अंकुर ही आतड्याने पूर्वी सोसलेल्या तीव्र दाहाची खूण आहे. अंगावरचा जुना व्रण पाहून जखम किती खोल होती ते कळते, तसेच हे. खूण धोकादायक नाही. ज्या दाहाने ती उमटवली, तो पुन्हा भडकू न देणे महत्त्वाचे.

गर्दीत लपलेला खेकडा

अंकुर निरुपद्रवी असले, तरी एक अडचण उरतेच. शंभर उंचवट्यांच्या गर्दीत एखादा खरोखरच बिघडलेला उंचवटा असेल, तर तो चटकन ओळखू येत नाही. कर्क म्हणजे खेकडा. ओबडधोबड वाळूत खेकड्याचे बीळ जसे नजरेतून सुटते, तसेच हे होऊ शकते.

म्हणून अशा रुग्णांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना सावकाश आणि बारकाईने पाहावे लागते. अनेक ठिकाणी आतड्याच्या अस्तरावर निळ्या रंगाचे औषध फवारतात. रंगामुळे अस्तरावरील नक्षी उठून दिसते आणि बिघडलेली जागा वेगळी कळते. २०१५ मध्ये अनेक देशांतील तज्ज्ञांनी एकत्र येऊन या पद्धतीची शिफारस केली. हल्लीच्या अधिक स्पष्ट चित्र देणाऱ्या दुर्बिणींनीही हे काम सोपे केले आहे. जो अंकुर इतरांपेक्षा वेगळा दिसतो, त्याचा तुकडा तपासायला पाठवतात किंवा तो पूर्णच काढतात. सारखे दिसणारे साधे अंकुर सगळेच्या सगळे काढण्याची गरज नसते.

आणि समजा त्यांत एखादा बिघडलेला अंकुर निघाला, तर? एके काळी दीर्घकालीन कोलायटिसच्या रुग्णाला असा अंकुर सापडला, की संपूर्ण मोठे आतडे काढण्याचा सल्ला दिला जाई. १९९९ मध्ये न्यूयॉर्क आणि बोस्टन येथील डॉक्टरांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की अंकुर दुर्बिणीतून पूर्णपणे काढता आला आणि आजूबाजूचे अस्तर निर्दोष असले, तर आतडे राखून पुढे नियमित तपासणी करत राहणे पुरेसे ठरू शकते. अंकुर पूर्ण काढता येत नसेल किंवा बिघाड अनेक जागी पसरलेला असेल, तर मात्र शस्त्रक्रियेचा विचार करावाच लागतो.

तपासणी केव्हा करावी?

मोठ्या आतड्याचा बराच भाग दाहाने व्यापलेला असेल, तर पहिली लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण आठ वर्षांनी कर्करोगाच्या दृष्टीने दुर्बिणीची तपासणी करावी, असा सर्वमान्य संकेत आहे. वर्षे मोजायची ती निदानापासून नाहीत, लक्षणांपासून. वरील उदाहरणातील गृहिणीचे निदान आठ वर्षांपूर्वीचे असले, तरी तिचा आजार नऊ वर्षांचा धरायचा तो यासाठीच. त्यानंतर पुढची तपासणी एक वर्षाने, तीन वर्षांनी की पाच वर्षांनी, हे प्रत्येकाच्या धोक्यावरून डॉक्टर ठरवतात. दाह चालूच असेल, आतडे आकसले असेल, किंवा आईवडील अथवा भावंडांपैकी कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर हे अंतर कमी होते. ज्यांच्या यकृतातील पित्तनलिका दाहाने आकसत जातात, अशा थोड्या रुग्णांची तपासणी मात्र तो विकार कळल्यापासून दर वर्षी करावी लागते.

तपासणी शक्यतो आजार शांत असताना करावी. दाह भडकलेला असताना सूज आणि बिघाड यांतला फरक सूक्ष्मदर्शकाखालीही कधी कधी अवघड जातो. आदल्या दिवशी पोट साफ करण्याचे औषध प्यायचा अनेकांना कंटाळा येतो, पण आतडे स्वच्छ नसेल तर सारी मेहनत वाया जाते. आधीचे अहवाल, छायाचित्रे आणि बायॉप्सीचे कागद एका फाइलमध्ये सांभाळून ठेवावेत. बदलीच्या नोकरीत शहर बदलते, डॉक्टर बदलतात. मागच्या वेळी अंकुर कुठे आणि केवढे होते, हे नव्या डॉक्टरांना त्या फाइलमधूनच कळणार असते.

घरी काय सांभाळावे?

अंकुर विरघळवणारे औषध नाही. दाह आवरणारी औषधे आहेत आणि ती बरे वाटत असतानाही घ्यायची असतात. मेसालामीनच्या गोळ्या, प्रसंगी काही काळापुरती स्टिरॉइड, प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी औषधे आणि आता नव्या प्रकारची इंजेक्शने, यांपैकी कोणाला काय लागेल ते डॉक्टरांनी ठरवावे. रक्त थांबले म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करणे हे आजार उलटण्याचे नेहमीचे कारण आहे. स्टिरॉइड अचानक बंद करणे तर धोक्याचेच. सांधेदुखी किंवा डोकेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या काही वेदनाशामक गोळ्या आतड्याचा दाह वाढवू शकतात. त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

जेवणाबद्दल घरोघरी सल्ल्यांचा पूर येतो. तिखट खाल्ले म्हणून अंकुर आले, असे कोणी म्हणाले तर ते खरे नव्हे. आजार भडकलेला असताना मऊ, कमी चोथ्याचे अन्न सोसते. शांत असताना साधे चौरस घरचे जेवण घ्यावे. ज्याला जे सोसत नाही, ते त्याने टाळावे. चेन्नईतला दहीभात अनेकांना मानवतो, पण तो उपचार नव्हे. रक्त कमी झाले असेल, तर लोहाची तपासणी करून घ्यावी.

शौचावाटे पुन्हा रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, कारण नसताना घटणारे वजन किंवा शौचाची सवय अचानक बदलणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. ‘अंकुर आहेतच, त्यातूनच येत असेल रक्त’ असे म्हणून घरीच निदान करणे टाळावे.

आणि कागद लपवू नये. आजार ज्याचा, त्याला तो समजलाच पाहिजे. गोळ्या त्याला घ्यायच्या असतात आणि तपासणीलाही त्यालाच जायचे असते. घरच्यांची माया खरी असली, तरी त्या मायेने रुग्ण अंधारात राहिला, तर धास्ती वाढते आणि नेमके प्रश्न विचारायचे राहून जातात. डॉक्टरांकडे दोघांनी मिळून जावे आणि चारच प्रश्न विचारावेत. दाह आता शांत आहे का? अंकुरांपैकी कोणता वेगळा दिसला का? बायॉप्सीत काय आले? पुढची तपासणी केव्हा?

कोवलमच्या वाळूत बसलेल्या त्या गृहिणीला या चारही प्रश्नांची उत्तरे त्याच कागदाच्या दुसऱ्या पानावर मिळाली असती. दाह शांत, सर्व अंकुर सारखे, बायॉप्सी निर्दोष, पुढची तपासणी तीन वर्षांनी. नवऱ्याने घाबरून पहिलेच पान वाचले होते. तिने दोन्ही पाने वाचली, कागद स्वतःच्या पर्समध्ये ठेवला आणि पाण्यात फळीवरून सातव्यांदा पडलेल्या मुलाकडे पाहत म्हणाली, “पुढच्या वेळी रिपोर्ट मी आणीन.”